वीस सेकंद दार धरून

नाही, नाही — कीबोर्डवरच्या त्या पितळी मुठीला हात लावू नका. बघायचं ते लांबून बघा, ताई. खुर्ची घ्या. ती नको, तिचा एक पाय तीन वर्षं रजेवर आहे, ती मी ज्यांना पाडायचंय त्यांच्यासाठी राखून ठेवलीय — हां, ही घ्या, ही प्रामाणिक आहे. आणि जरा हळू. म्हणजे तुम्ही काही बोलत नाही आहात, बोलतोय मीच, ते कबूल. पण तुमचे बूट फार बोलतात. त्या दाराआड माझा दोस्त टपाल झोपलाय, ही खोली त्याचीच. कालपासून. म्हणजे तो झोपतोच खूप, चालून आला की झोपतो. कुठून चालून, ते सांगतो, सगळं सांगतो, आधी तो कागद वाचा. माझा चष्मा वर राहिलाय, तुम्हीच वाचा. किती? अकरा हजार आठशे? काल दुपारपासून आत्ता अकरा वाजेपर्यंत, एका खोलीतून, अकरा हजार आठशे वेळा पान रिफ्रेश? अरे वा. मला वाटलं होतं, फार तर हजार-दीड हजार. तुमच्या ऑफिसात सगळे खुर्च्यांवरून उठले असतील. कुणी म्हणालं असेल चोर शिरला, कुणी म्हणालं असेल मशीनला वेड लागलं; आणि तुम्ही एकट्या शहाण्या, तुम्ही म्हणालात, खोली नंबर चौदा ना, मग तिथे तो म्हातारा असणार, मीच जाऊन येते. बरोबर? — हसला नाहीत. मागच्या खेपेला हसला होतात.

पान तुमचंच, तुम्हाला काय सांगायचं, पण माझ्या तोंडून ऐका, म्हणजे कळेल की चौथी शिकलेल्या माणसालाही तुमची कारागिरी समजते. या इमारतीत बेचाळीस खोल्या, बेचाळीस म्हातारी माणसं. प्रत्येकाच्या टेबलावर असा एकेक कॉम्प्युटर, आणि सकाळी उठल्या उठल्या त्यावर तुमचं ते पान उघडून ठेवायचं — ‘मी आहे’. पान उघडं, तोवर खाली ऑफिसातल्या बाईंच्या फळ्यावर आपला ठिपका हिरवा, आणि आपल्या पोराबाळांच्या फोनवरही हिरवा. पान बंद केलं की ठिपका लाल, खाली घंटा, आणि लगेच फोन — बाबा, कुठे निघालात? आणि नुसतं उघडं ठेवून भागत नाही. दर अर्ध्या तासाने पान विचारतं, ‘आहात का?’ मग बोट लावून सांगायचं, आहे बुवा, आहे. नाही लावलं, की लाल. जन्मात मला कुणी इतक्या वेळा विचारलं नव्हतं, आहेस का म्हणून. बायकोनंसुद्धा नाही. ती विचारायची, अजून आहेस का.

आणि पहिल्या आठवड्यात काय तमाशा झाला होता, आठवतो ना? पान अडकलं की माणूस रिफ्रेश करणार. आणि रिफ्रेश करताना जुनं पान जातं, मग नवं येतं. आणि ते जुनं बिचारं जाता जाता खाली सांगून जायचं की हा निघाला. टपालच्या लेकीला एका दिवसात नऊ वेळा कळलं, बाप निघाला. ती बसलीय दुसऱ्या गावात, तिथून नऊ फोन. खालच्या बाई लिफ्टचीही वाट न बघता नऊ वेळा तीन जिने चढून आल्या, शेवटी शेवटी तर दारात नुसत्या उभ्या राहायच्या, बोलायला श्वास नसायचा. त्या नवातले सहा माझे होते, ते सोडा. म्हणजे तो संडासात गेला की मी हळूच बटण दाबायचो. — तुम्हाला माहीत नव्हतं? बघा, तुम्ही आठवडाभर पानात चूक शोधत बसलात आणि चूक इथे खुर्चीत चहा पीत होती.

मग तुम्ही आलात. इथेच, याच खुर्चीत, डोकं धरून बसलात. म्हणालात, आजोबा, पान सोडून जाणारा आणि पान रिफ्रेश करणारा, दोघं जाताना अगदी सारखेच जातात, मी ओळखू कसं? आणि मी काय सांगितलं? मी एकतीस वर्षं लिफ्ट चालवली, सात मजली इमारतीत, जाळीच्या दाराची. माणूस लिफ्टमधून बाहेर पडला की आपल्याला दिसते फक्त पाठ. घरी निघालेल्याची पाठ आणि छत्री विसरून परत येणाऱ्याची पाठ — सारखीच. पाठीवर काही लिहिलेलं नसतं. मग लिफ्टमन काय करतो? दारात पाय ठेवतो आणि मनातल्या मनात वीस मोजतो. विसरलेला असेल तो विसाच्या आत वळतो. नाही वळला, तर गेला, ओढा दार. एकतीस वर्षांत चार वेळा चुकलो असेन, त्यातला एक तर मंत्री होता, त्याला मी जाणूनबुजून चुकवला. तुम्ही लगेच वही काढलीत आणि लिहून घेतलंत. पान गेलं की वीस सेकंद थांबायचं. तेवढ्यात परत आलं तर तो रिफ्रेश, नाही आलं तर माणूस निघाला, मग लाल. ते वीस सेकंद माझे आहेत, ताई. पानावर खाली कुठे बारीक अक्षरात माझं नाव घातलंत का? नाही ना? राहू दे. नाही घातलंत तेच बरं.

आता ही मूठ. ही त्याच लिफ्टची. पितळी. ही खोबणीत बसवून उजवीकडे फिरवली की वर, डावीकडे की खाली, आणि मधे धरली की थांबा. नंतर बटणांची लिफ्ट आली, मला एक गुच्छ दिला आणि एक फोटो काढला, आणि त्या फोटोत माझं पोट जरा जास्त दिसतंय, कारण शर्टाच्या आत ही मूठ आहे. दीड किलो. दोन दिवस बेंबी गारठली होती. टपाल त्यावरूनच मला ‘वरखाली’ म्हणतो. मी त्याला टपाल, तो मला वरखाली, खरी नावं खाली रजिस्टरात असतील. तर ही मूठ कीबोर्डच्या वरच्या ओळीत त्या बटणावर आडवी ठेवली, की रिफ्रेशचं बटण दाबलेलंच राहतं. पान जातंय, येतंय, जातंय, येतंय. विसाच्या आत येतं म्हणून लाल होत नाही. आणि नवं पान आलं की अर्ध्या तासाचं मोजणं पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे ‘आहात का’ विचारायची पाळीच येत नाही. खाली हिरवा. लेकीकडे हिरवा. माणूस असो नाही तर नसो. — म्हणजे बाहेर गेलेला असो, असं म्हणायचंय मला. तुम्ही दाराकडे काय बघताय? माझ्याकडे बघा, गोष्ट मी सांगतोय.

हे कशासाठी, ते सांगतो. टपाल चौतीस वर्षं पोस्टमन. रोज दहा-बारा मैल, खांद्यावर पिशवी. आणि आता छातीचं दुखणं निघालं, तर डॉक्टर म्हणाले, जिने नाहीत, लांब चालणं नाही. लेकीनं वचन घेतलंय त्याच्याकडून. लेकीला नावं ठेवू नका हं, पोर चांगली आहे, बापावर जीव आहे तिचा, फोनवर आवाजावरून ओळखते की आज जेवला नाही. पण चालणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवलंत तर तो कुजतो की नाही? तो म्हणायचा, वरखाली, मी जन्मभर दारादारात विचारलं, घरात कुणी आहे का — आता दारच मला विचारतंय. मग मीच त्याला युक्ती दिली. गुरुवारी दुपारी खालच्या बाई तळघरात कोठीची तपासणी करतात, दोन तास वर येत नाहीत. बारा वाजता मूठ ठेवायची, बूट हातात घेऊन हा मागच्या जिन्याने बाहेर, दोन वाजता परत. कुठे जातो माहितीय? जुन्या वाटेवर. पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, जिथे पत्रं टाकायचा त्याच दारांवरून. प्रत्येक दारासमोर जरा थांबतो आणि पुढे. एका दारात एक म्हातारी आहे, ती अजून विचारते, माझं काही आहे का हो? हा म्हणतो, उद्या. अकरा गुरुवार झाले, अकराही वेळा उद्या म्हणून आलाय.

कालही गेला. परत आला ते दोन नाही, अडीच वाजता. चांगला घामाघूम. म्हटलं, आज तुझी म्हातारी फारच बोलत बसली वाटतं. हसला नाही. भिंतीला हात लावून उभा राहिला, आणि हा डावा खांदा असा दाबत होता. म्हणाला, पट्टा काचलाय. मी म्हटलं, अरे येड्या, पिशवी सोडून अठरा वर्षं झाली, पट्टा कुठला? मग म्हणाला, जरा पडतो. गेला आत, कडी घातली, झालं. दुपारी झोपला की हा मूठ तशीच ठेवायला सांगतो, नाही तर ते ‘आहात का’ आलं, याने बोट लावलं नाही, की लाल, की लेकीचा फोन, की झोपेचं खोबरं. म्हणून मूठ तशीच राहिली. त्याच्याच सांगण्यावरून. तेव्हा तुमचे अकरा हजार आठशे जे आहेत ते त्याच्या खात्यावर लिहा, माझ्या नाही.

तो कप? तो सकाळी मी ठेवला त्याच्या दाराशी. सात वाजता. साय धरलीय, दिसतंय मला. हाक मारली होती, दोनदा. उत्तर नाही दिलं. रुसलाय. रुसतो तो, मागच्या महिन्यात आठ दिवस बोलत नव्हता. त्याची वेगळीच गंमत आहे, ऐका ना, बसा, कुठे उठताय?

मी मेलो होतो मागच्या महिन्यात. खरंच. वर माझ्या खोलीत, टेबलाच्या पायाशी, एक चप्पल पायात, एक लांब उडालेली — ती चप्पल महत्त्वाची, नुसतं आडवं पडलं तर कुणी फसत नाही — जीभ बाहेर, डोळे उघडे. तो रोज चार वाजता येतो. आला. मला वाटलं ओरडेल, पळेल, मी उठून त्याच्या पाठीमागे भुतासारखा धावेन. तर हा ओरडलाच नाही. टेबलापाशी गेला आणि माझं पान बंद केलं. कारण खाली घंटा वाजवायचा तोच सगळ्यात जवळचा रस्ता, डोकं बघा त्याचं. पान बंद झालं, आता वीस सेकंद. ते माझ्याजवळ जमिनीवर बसून त्याने काढले. माझा हात हातात घेतला. माझी कॉलर सरळ केली. एका हाताने मला असं थोपटत होता, लहान पोराला थोपटतात तसं. मला तेव्हाच उठायला हवं होतं. पण म्हटलं, एवढं जमून आलंय, बाई येऊ देत. मग घंटा, पळापळ, बाई, स्ट्रेचर, चार माणसं — आणि मी म्हटलं, भॉक.

बाई जे बोलल्या ते तुमच्यासारख्या मुलीपुढे सांगत नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, आणखी एक खोडी, आणि तुमच्या पुतण्याला बोलावते, सामान बांधायचं. आणि पुतण्याकडे म्हणजे, ताई, पुतण्याकडे मला जिन्याखालची जागा आहे. तिथे सरळ बसता येत नाही. एकतीस वर्षं उभं राहून काम केलं मी. — ते जाऊ दे. टपाल मात्र काहीच बोलला नाही. आठ दिवस. नवव्या दिवशी आला, बसला, चहा घेतला आणि म्हणाला, तुझे ते वीस सेकंद फार लांब आहेत रे. आणि जाताना दारात वळून म्हणाला, आता पाळी माझी आहे, विसरू नकोस.

म्हणून मी सावध होतो. महिनाभर. कळलं? म्हणून मी काल फसलो नाही.

कशाला म्हणजे — ठोकण्याला. तुम्हाला सांगितलं नाही का? त्याची एक ठोकायची पद्धत आहे. पोस्टमनची. टक-टक, मग जरा थांबून, टक. वर माझ्या दारावर असं ठोकायचा आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जिन्याआड लपायचा, मी दार उघडून बघतो तर कुणी नाही. तर काल मी इथेच बसलो होतो, या खुर्चीत, पेपर वाचत. चार वाजले असतील. आणि त्या दारावर आतून — टक-टक. टक. मी मनात म्हटलं, आली. पाळी आली. आता मी दाराशी जाणार, अरे टपाल काय झालं म्हणून ओरडणार, बाईंना बोलावणार, चार माणसं दार फोडणार, आणि हा आत पलंगावर मांडी घालून म्हणणार, भॉक. आणि बाई माझं सामान बांधणार. छे. मी हललो नाही. पुन्हा वाजलं. आणि काय बेरकी बघा, आवाज वरून नव्हता, खालून होता. गुडघ्याच्याही खालून. म्हणजे खरं वाटावं म्हणून गडी जमिनीवर बसून ठोकत होता. मी मनात म्हटलं, माझी ती चप्पल, तसं याचं हे खालून ठोकणं, शिकला माझ्याकडून.

मग मी उठलो. दाराशी गेलो. आणि तसंच ठोकलं, बाहेरून — टक-टक, टक — आणि म्हटलं, घरात कुणी नाही, पत्र परत न्या.

चांगलं होतं की नाही? पोस्टमनला असं म्हणायचं? मी हसलो. खूप हसलो, खोकला लागेपर्यंत. त्या खोकल्यात पुढचं ऐकू आलं नाही. म्हणजे आतून काही वाजलं असेल तर. घासल्यासारखं काहीतरी होतं. खुर्ची ओढल्यासारखं. मग शांत. मी म्हटलं, हरला. आणि वर गेलो झोपायला. म्हणजे जेवून, झोपायला.

का नाही उचलली मूठ जाताना? कारण — अहो सांगितलं ना, त्यानेच सांगितलं होतं. तशीच ठेव म्हणाला. म्हणजे दर वेळी म्हणतोच तसं. काल — काल काय म्हणाला, ते शब्द न् शब्द कशाला लागतात तुम्हाला, तुम्ही पोलीस आहात का? पान बनवता ना, पानाचं विचारा. — असं बघू नका. तुम्ही बोलत नाही तेच वाईट आहे. खालच्या बाई ओरडतात, ते बरं.

उचल म्हणाला.

आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभा होता, खांदा दाबत, आणि म्हणाला, वरखाली, आज मूठ उचल. वाजू दे घंटा. येऊ दे तिचा फोन. मी म्हटलं, वेडा का तू, घाम बघ तुझा, बाई वर आल्या तर एका मिनिटात कळेल त्यांना, की तू जिने चढून आलायस, आणि मूठ कुणाची, तर माझी. तुझे गुरुवार जातील आणि माझी खोली जाईल. पड जरा, तासाभराने उचलतो. तो म्हणाला, बरं. एवढंच. बरं. आणि आत गेला. आणि मी तासाभराने नाही उचलली, कारण तासाभराने घाम वाळला असेल की नाही कोण जाणे. आणि मग चारला ते ठोकणं झालं, आणि मी म्हटलं, बघा, ठणठणीत आहे, खोड्या सुचतायत म्हणजे ठणठणीत आहे. सकाळी येऊन बघितलं तर ठिपका हिरवाच. मी खाली जाऊन फळ्यावरही बघून आलो, चौदा नंबर हिरवा. बाई म्हणाल्या, आज तुमचे मित्र अगदी वेळेवर उत्तर देतायत हो, एकदाही लाल नाही. मी म्हटलं, हो ना. हिरवा आहे म्हणजे आहे. पान तुमचं आहे ना, ताई? तुम्हीच केलंय ना? ‘मी आहे’ म्हणतं ना ते? मग ते कशाला खोटं बोलेल?

त्याची लेक रोज नऊ वाजता फोन बघते. आजही बघितला असेल. हिरवा बघून कामाला गेली असेल.

नको, कान लावू नका दाराला. मी लावला होता सकाळी. काही नाही. घोरणंही नाही, आणि तो तर कसला घोरतो, वर माझ्या खोलीत ऐकू यायचं... खालची फट? बघितली. फटीत काहीतरी आहे, उजेड पुरता येत नाही. मी म्हटलं, पायपुसणं असेल. पायपुसणं आत कशाला असेल, असं माझं मलाच वाटलं, पण म्हटलं, असेल.

तू ठोक. मी ठोकलं तर त्याला वाटेल मी फसलो. तुझं ठोकणं त्याला ओळखीचं नाही, तुला तो उत्तर देईल, बाईमाणसाला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही तो. ठोक. — अजून एकदा. जरा जोरात. — बरं.

बरं. आता ऐक पोरी. ते बूट काढ, नाही तर नको काढू, वाजू देत. पळत खाली जा. लिफ्टची वाट बघू नकोस, ती बटणांची आहे, तिला कळत नाही कोण घाईत आहे. बाईंना सांग, चौदा नंबर, आतून कडी आहे, पहार घेऊन माणूस पाठवा, आणि डॉक्टर. आणि त्यांनी विचारलं कुणाचं काम, तर माझं म्हणून सांग. थांबू नकोस, इथे बघण्यासारखं काही नाही. जाताना फोन लाव कुणाला लावायचा तो. मूठ मी उचलतो. पान मी बंद करतो, खाली घंटा तरी वाजेल, तू पोचायच्या आत. — हं. बघ, कोमट झालीय. रात्रभर मशीनवर होती ना. हात धरून बसल्यासारखी कोमट.

जा ना. झालं बंद. गेलं पान.

एक. दोन. तीन. टपाल, अरे ऐकतोस का, तुझी पाळी झाली. जिंकलास तू. सहा. मी फसलो, सगळ्या इमारतीला सांगेन फसलो म्हणून. आठ. नऊ. ती धावत गेलीय बघ, बूट वाजतायत, येतील आता. तू म्हणाला होतास लांब आहेत, खरंच लांब आहेत रे, कुणी सांगितलं होतं मला वीस म्हणायला, पाच म्हणालो असतो तरी तिने लिहून घेतलं असतं. बारा. तेरा. मी दारात पाय ठेवलाय, टपाल, दार धरलंय मी, तू सावकाश ये, काय विसरलं असेल ते घेऊन ये, मी ओढत नाही. पंधरा. सोळा. हे बघ, आता मीच ठोकतो, तुझ्यासारखं.

टक-टक. — टक.

घरात कुणी आहे का?

अठरा.

एकोणीस.